वनस्पती अर्काचं तणनाशक: कुठे चालतं आणि कुठे अजिबात चालत नाही

आधी निकाल सांगते, सविस्तर नंतर, कारण बऱ्याच जणांना घ्यायचं का नाही एवढंच हवं असतं. औषधी वनस्पतींच्या अर्कापासून बनवलेली तणनाशकं मी गेले काही हंगाम भाजीपाल्यात वापरतेय, एक तेलाची बाटली आणि एक भिजवून वापरायची पावडर. तेल कोवळ्या तणावर चांगलं चालतं, पावडर तण उगवायच्या आधी मारली तर. जुन्या, हातभर वाढलेल्या तणावर जेमतेम. लव्हाळा आणि हरळीवर तर घेऊच नका, वाया जाईल. पण कोवळ्या तणावर जे काम होतं तेवढंच पिकाला पुरतं, आणि नेमकी हीच गोष्ट लेबलवर कुणी लिहीत नाही, तिथे सगळीकडे आपलं ‘सर्व तणांचा मुळासकट नाश’. मुळासकट काही जात नाही. तण मागे पडतं, तेवढ्यात पीक पुढे निघून जातं, आणि या मालाची सगळी किंमत त्या मधल्या वेळात आहे. हे डोक्यात ठेवून घेतलं तर समाधान होईल, नाहीतर पहिल्या आठवड्यातच शिव्या द्याल.

ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण या प्रकारातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये साधारण तोच माल असतो, फरक असतो तो टक्केवारीत आणि तेल पाण्यात मिसळायला काय घातलंय त्यात. त्यामुळे हा रिव्ह्यू एका कंपनीचा नसून या प्रकारच्या औषधाचा आहे असं धरा.

तेलाची बाटली आधी घेते. यात मुख्य असतं लवंग तेल, त्यातला कामाचा घटक युजेनॉल. काहींमध्ये जोडीला दालचिनीचं तेल, गवती चहाचं किंवा सिट्रोनेलाचं तेल, आणि काहींमध्ये पेलार्गोनिक आम्ल असतं, ते नऊ कार्बनचं फॅटी अ‍ॅसिड. झाकण उघडलं की डेंटिस्टच्या खोलीत आल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे, दाताच्या औषधात हेच युजेनॉल असतं. दातदुखीवर थेंबभर लावायचं तेल तणाला कसं मारतं असा प्रश्न पडेल, तर ते पानाच्या पेशींचं आवरण फोडतं. आवरण फुटलं की पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि पान वाळून जातं. म्हणून याचा परिणाम फार पटकन दिसतो, सकाळी फवारलं आणि ऊन चांगलं असलं तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पानं मलूल, दुसऱ्या दिवशी तपकिरी. पहिल्यांदा बघणारा माणूस एकदम खूश होतो. पण जिथे थेंब पडला तेवढाच भाग जळतो, हे औषध झाडाच्या आत प्रवास करत नाही, मुळापर्यंत जात नाही, त्यामुळे खाली जीव शिल्लक असेल तर तण परत फुटणारच.

आता कुठलं तण फुटतं आणि कुठलं नाही हे नीट सांगते, कारण सगळा खेळ इथेच आहे. घोळ, माठ, दुधी यांसारखी रुंद पानांची हंगामी तणं दोन ते चार पानांवर असताना पकडली तर बहुतेक साफ होतात, कारण त्यांचा वाढीचा शेंडा वरती उघडा असतो आणि तोच जळला की त्यांच्याकडे खाली राखीव काही नसतं. घोळ मोठी झाली की मात्र तिची मांसल खोडं पाणी धरून बसतात आणि ती सहज मरत नाही. गवतवर्गातलं तण, म्हणजे सावा वगैरे, याचा वाढीचा कोंब जमिनीलगत पानांच्या आवरणात गुंडाळलेला असतो, तिथे थेंब पोचतच नाही, म्हणून वरची पानं जळतात आणि आठवड्याभरात मधून नवीन हिरवी सुरळी डोकं वर काढते. अगदी एक-दोन पानांचं गवत असेल तर जमतं, त्यापुढे नाही. आणि लव्हाळ्याच्या जमिनीखाली गाठींची माळच असते, वरचं कितीही जाळा, गाठी शांत पडून असतात, एक मेली तरी शेजारची फुटते. हरळीचं तसंच, तिचे धावते कांडे जमिनीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असतात. या दोघांवर कुठलंही संपर्काने जाळणारं औषध, नैसर्गिक असो की रासायनिक, कायमचा इलाज नाही, त्यामुळे याबद्दल मी या बाटलीला दोष देत नाही, दोष देते तो ‘सर्व तणांवर’ असं छापणाऱ्याला.

वापरताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा, पान पूर्ण ओलं झालं पाहिजे. आत जाणारं औषध पानाच्या एका कोपऱ्यावर पडलं तरी आतून पसरतं, हे पसरत नाही. म्हणून पाणी जास्त लागतं, फवारा बारीक आणि सगळीकडून बसणारा लागतो, नुसतं चालत चालत वरून शिंपडल्यासारखं केलं तर ठिपके ठिपके जळलेली पानं दिसतात आणि तण मजेत वाढत राहतं. दुसरं म्हणजे तेल आणि पाणी वेगळं होतं. चांगल्या बाटलीत इमल्सीफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा घटक, नीट असतो, पाण्यात ओतल्यावर दुधासारखं पांढरं द्रावण होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. हलक्या मालात थोड्याच वेळात तेलाचा वेगळा थर होतो, मग पंपातून कधी नुसतं पाणी पडतं आणि कधी जवळजवळ शुद्ध तेल, आणि ते तेल जर पिकाच्या ओळीजवळ पडलं तर पीक जळतं. विकत घेतल्यावर पहिलं काम हे करा, काचेच्या ग्लासात थोडंसं मिसळून तसंच ठेवून द्या आणि थर येतो का बघा. माझ्या मते बाटलीच्या दर्जाची यापेक्षा सोपी परीक्षा नाही. पंप मध्येमध्ये हलवत राहायचा, द्रावण त्याच दिवशी संपवायचं, आणि नंतर पंप साबणाच्या पाण्याने धुवायचा, नाहीतर वायसर आणि पाइप लवकर खराब होतात.

आणि हे औषध तण-पीक असा भेद करत नाही, ज्या हिरव्या पानावर पडेल ते जळेल. बरेच जण इथे फसतात, त्यांना वाटतं नैसर्गिक आहे म्हणजे पिकाला काही होणार नाही. टोमॅटोच्या, मिरचीच्या पानावर थेंब उडाला की तिथे डाग पडतोच. म्हणून उभ्या पिकात मारायचं असेल तर नोझलला हुड लावून, ओळींच्या मधल्या पट्ट्यात, वारा नसताना. मला विचाराल तर उभ्या पिकापेक्षा या बाटलीचा सगळ्यात चांगला उपयोग पेरणीच्या आधी आहे. वाफा तयार करायचा, हलकं पाणी द्यायचं, वरच्या थरातलं तणाचं बी उगवू द्यायचं, ते दोन पानांवर आलं की हे फवारायचं, आणि मग माती न हलवता पेरायचं किंवा रोपं लावायची. माती हलवायची नाही हे महत्त्वाचं, कारण हलवली की खालचं नवीन बी वर येतं आणि केलेलं काम पुसलं जातं. तणाचं बहुतेक बारीक बी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच उगवतं, तेवढा थर एकदा रिकामा केला की पुढचे काही आठवडे खुरपणी खूप हलकी होते. गाजर, कांदा, कोथिंबीर असली हळू उगवणारी पिकं ज्यांनी हाताने निंदली आहेत त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको, तण आणि पीक दोन्ही केसाएवढं असताना एकातून दुसरं वेचायचं म्हणजे पाठीचा काटा ढिला होतो.

आता पावडर. ही पूर्ण वेगळ्या तत्त्वावर चालते आणि तिच्याबद्दल लोकांचा गैरसमजही जास्त आहे. सुकवलेल्या वनस्पतींची भुकटी असते, ती पाण्यात साधारण एकास दहा या प्रमाणात एक दिवसभर भिजवायची, गाळायची आणि ते पाणी जमिनीवर मारायचं, तण उगवायच्या आधी. ही उगवलेलं तण जाळत नाही. बी रुजायला आणि कोवळ्या मुळाला वाढायला अडथळा करते. एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनाचा दुसऱ्या वनस्पतीवर होणारा परिणाम, याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात, हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये हा शब्द वापरात आणला, पण गोष्ट जुनीच आहे, काळ्या अक्रोडाखाली बरीच झाडं नीट वाढत नाहीत हे लोक फार आधीपासून बघत आलेत, त्याचं कारण म्हणजे त्यातलं जुग्लोन नावाचं रसायन.

औषधी वनस्पतींमध्ये हे का जास्त सापडतं याचा विचार केला की मला फार गंमत वाटते. वनस्पतीला पळता येत नाही, तिला कीड, बुरशी, जनावर आणि शेजारचं रोप या सगळ्यांशी जागेवर उभं राहून भांडायचं असतं, त्यासाठी ती जी रसायनं बनवते त्यातलीच कित्येक आपल्या औषधाला आली. उदाहरणच द्यायचं तर खाजकुयली घ्या, तिच्या बियांमधलं एल-डोपा कंपवातावर उपयोगी पडतं, आणि जपानमधल्या योशिहारू फुजी यांच्या कामातून कळलं की हेच एल-डोपा शेजारच्या तणाची मुळं आखडून टाकतं. आर्टेमिसिनिनचंही तसंच, मलेरियाच्या या औषधाच्या शोधासाठी तू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं, आणि ते ज्या रोपाच्या पानात असतं त्या पानातलंच ते रसायन बी रुजण्याला आणि मुळांच्या वाढीला मारक ठरतं हे १९८० च्या दशकातच प्रयोगांत दिसलं होतं. ओव्यातलं थायमॉल, तुळशीतलं युजेनॉल, निलगिरीतलं सिनिओल, यादी मोठी आहे. ज्वारी औषधी म्हणून कुणी लावत नाही पण तिचं नाव घ्यावंच लागेल कारण तिच्या मुळांच्या केसांतून सोर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं आणि ज्वारीच्या ताटांचा पाण्यातला अर्क तणावर वापरण्याचं काम कदाचित या सगळ्यांपेक्षा जास्त शेतात झालंय. त्यात हेही दिसलं की नुसता अर्क रासायनिक तणनाशकाइतकं काम देत नाही, पण अर्कासोबत तणनाशकाचा डोस बराच कमी करूनही चांगलं नियंत्रण मिळू शकतं. ज्यांना एकदम सगळं रासायनिक सोडायचं नाहीये त्यांच्यासाठी हा रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो.

पावडरीचा रिझल्ट कसा आहे? मी तिची परीक्षा आधी कुंड्यांत घेतली आणि मग वाफ्यात, प्रत्येक वेळी शेजारी एक पट्टा नुसत्या पाण्याचा ठेवून, आणि असा पट्टा ठेवल्याशिवाय कुठल्याही औषधाबद्दल मत बनवू नका, कारण तण कमी यायला पाऊस, ऊन, मागचं पीक अशी शंभर कारणं असतात. कुंडीत फरक डोळ्यात भरण्यासारखा होता. वाफ्यात तेवढा नाही, पण होता. अर्क मारलेल्या पट्ट्यात बारीक बियांचं तण उशिरा आलं, कमी आलं, आणि जे आलं ते उपटताना मुळं आखूड आणि टोकाला काळपट दिसली. मोठ्या बियांच्या तणाला विशेष फरक पडला नाही. हे असंच व्हायला हवं, कारण बारीक बियांजवळ शिधा कमी असतो आणि ते वरच्याच थरात असतं, जिथे अर्क राहतो, तर मोठं बी खोलवर असतं आणि त्याच्याजवळ जोर असतो. पिकाचा बचाव होतो तो पण याच कारणाने, मका, वाटाणा, घेवडा खोल पेरतात, बी मोठं असतं, त्यांना धक्का लागत नाही. पण कोथिंबीर, गाजर, कांद्याचं बी, लेट्यूस यांच्या पेरणीआधी लगेच ही पावडर मारू नका. प्रयोगशाळेत अर्क तपासायला लेट्यूसचं बी वापरतात ते याचसाठी, की ते फार लवकर दबतं. अशा पिकांत रोपं लावून झाल्यावर मधल्या जागेत मारणं बरं.

इथे जाहिरातींबद्दल थोडं बोलायलाच हवं. पाकिटावर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असं असतं, आणि ते खोटं नसतं, पण प्रयोगशाळेत म्हणजे बहुतेक वेळा काचेच्या बशीत कागदावर ठेवलेलं बी आणि त्याच्यावर अर्क. तिथे माती नाही. मातीत गेलं की चिकणमातीचे कण आणि सेंद्रिय पदार्थ ही रसायनं धरून ठेवतात, सूक्ष्मजीव ती खाऊन टाकतात, आणि पाऊस पडला की जी विरघळणारी आहेत ती खाली वाहून जातात. म्हणजे जमीन जितकी जिवंत, कंपोस्ट भरपूर असलेली, तितका अर्काचा परिणाम लवकर संपतो. आणखी एक बारकावा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. कुठलाही घट्ट अर्क, अगदी साखरेचं घट्ट पाणी सुद्धा, बियाला पाणी ओढू देत नाही आणि त्यामुळे बी रुजत नाही. म्हणजे बशीतलं बी रुजलं नाही याचा अर्थ त्यात तणनाशक घटक आहे असा होतोच असं नाही, तेवढाच घट्टपणा असलेलं दुसरं द्रावण शेजारी ठेवून तुलना केली असेल तरच त्या टेस्टला अर्थ. नुसता ‘अमुक टक्के उगवण रोखली’ असा आकडा छापणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारा.

दुसरं टोक म्हणजे फार पातळ करणं. पावडर पुरवून वापरायची म्हणून लोक दुप्पट-तिप्पट पाणी घालतात, आणि मग तण उलट जोमाने येतं. हे मनाचे खेळ नाहीत, यातली बरीच रसायनं जास्त मात्रेत वाढ रोखतात आणि अगदी कमी मात्रेत वाढ वाढवतात. म्हणून पुरत नसेल तर कमी जागेवर मारा, पण सांगितलेल्या मात्रेतच मारा. भिजवलेलं पाणी दोन दिवस ठेवलं की आंबतं आणि वास मारतो, मग त्यात नक्की काय उरलंय आणि नवीन काय झालंय कुणालाच सांगता येणार नाही. ताजंच वापरायचं. मारल्यावर माती जेमतेम ओली राहील इतकंच पाणी द्यायचं, धो धो पाणी दिलं की सगळं खाली.

बरं मग एवढे सगळे पण-पण असताना मी हे का वापरते? कारण पिकाला तणाचा खरा त्रास सुरुवातीला होतो. बहुतेक हंगामी पिकांत पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४० दिवस शेत स्वच्छ राहिलं तर नंतर येणारं तण उत्पादनाला फार धक्का लावत नाही, तोपर्यंत पीक दाटतं, जमिनीवर सावली पडते आणि सावलीत तणच दमतं. हे सगळ्या पिकांना सारखं लागू होत नाही, कांदा कधीच दाटत नाही, त्याची पानं उभी आणि बारीक, त्यामुळे त्याला जास्त काळ सांभाळावं लागतं. पण घेवडा, मका, भोपळावर्गातली वेलपिकं यांना सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मोकळे मिळाले तरी मोठा फरक पडतो. पावडर मला हे आठवडे मिळवून देते. पूर्ण स्वच्छ नाही, पण जिथे दोन निंदण्या लागायच्या तिथे एकीवर भागतं, आणि त्यात वर आच्छादन टाकलं, वाळलेलं गवत, पाला, काहीही, तर त्याहून चांगलं, कारण उशिरा आलेलं अशक्त तण आच्छादनातून वर येऊ शकत नाही. अर्क आणि आच्छादन एकत्र, ही जोडी एकट्या अर्कापेक्षा कितीतरी चांगली आहे आणि माझ्याकडून पाच पैकी चार स्टार या जोडीला आहेत, एकट्या पावडरीला तीन, तेलाच्या बाटलीला पेरणीआधी वापरली तर चार आणि उभ्या पिकात वापरली तर अडीच.

काही जण म्हणतात की हे सगळं झाडपाल्याचं काम, विज्ञानाशी काही घेणंदेणं नाही. हे चूक आहे आणि मला याचं वाईट वाटतं. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका संशोधकाला दिसलं की त्याच्याकडच्या बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं येत नाही. मातीतून आणि झाडातून शोधत गेल्यावर लेप्टोस्पर्मोन सापडलं, पण ते जसंच्या तसं वापरायला मात्रा फार लागत होती, मग त्याच्या रचनेवरून सुधारलेली रसायनं बनवत बनवत मेसोट्रायोन हे तणनाशक तयार झालं, जे २००१ च्या सुमाराला बाजारात आलं आणि आज मक्यात जगभर वापरलं जातं. हे ज्या तणाला लागतं त्याची पानं पांढरी पडतात, कारण हरितद्रव्याला उन्हापासून वाचवणारी रंगद्रव्यं बनणंच बंद होतं. निलगिरीवर्गातल्या तेलांमधल्या सिनिओलवरून असंच सिनमेथिलिन निघालं. म्हणजे झाडाकडे बघूनच ही मोठी औषधं आली. आणि शेतीला नवीन मार्गांची गरज आहेच, एकाच प्रकारची तणनाशकं वर्षानुवर्षं मारून तणं सरावली, ग्लायफोसेट १९७४ मध्ये बाजारात आलं आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याला न जुमानणारं रायगवत नोंदवलं गेलं, त्यानंतर अशा तणांची रांगच लागली. वनस्पतीतल्या रसायनांमध्ये तण मारायच्या काही अगदी वेगळ्या तऱ्हा सापडतात, म्हणून या विषयावर मनापासून काम व्हायला हवं असं मला वाटतं.

पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक हेही तितकंच चूक. लवंग तेलाचा घट्ट माल डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, कातडीला आग होते. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे, हे हवं असं लेबलवर लिहिलं नसलं तरी घालाच, आणि अर्धवट उघडी बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पाण्याच्या साठ्याजवळ, माशांच्या तळ्याजवळ मारू नका, आणि फुलांवर मधमाश्या फिरत असताना तर नाहीच.

माझी सगळ्यात मोठी तक्रार लेबलबद्दल आहे. मी घेतलेल्या एका पाकिटावर ‘२१ दुर्मिळ औषधी वनस्पतींचा अर्क’ एवढंच होतं, कुठल्या वनस्पती, कुठला भाग, कुठला घटक किती टक्के, काही नाही. विक्रेत्याला फोन करून विचारलं तर म्हणे फॉर्म्युला गुप्त आहे. जमिनीवर आणि अन्नावर मारायच्या गोष्टीत गुप्त काय असतं? अमेरिकेसारख्या ठिकाणी लवंग तेल, दालचिनी तेल, सिट्रोनेला हे कमी धोक्याच्या यादीत असल्यामुळे त्यांच्या मिश्रणांना केंद्राच्या नोंदणीतून सूट आहे, पण सूट म्हणजे परिणाम कुणी तपासला असं नाही, आणि ‘नोंदणीची गरज नाही’ हे वाक्य लोक जाहिरातीसारखं वापरतात. याहून वाईट म्हणजे भेसळ. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात सेंद्रिय शेतीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या एका तणनाशकात ग्लायफोसेट आणि डायक्वाट ही रासायनिक तणनाशकं सापडली आणि राज्याच्या कृषी खात्याने शेतकऱ्यांना त्याचा वापर ताबडतोब थांबवायला सांगितलं. ज्याने वर्षानुवर्षं सेंद्रिय प्रमाणपत्र सांभाळलं त्याचं अशाने काय होत असेल, विचार करा.

म्हणून तण कसं मरतंय याच्यावर लक्ष ठेवा, त्यावरून बरंच कळतं. वनस्पती तेलाने पान काही तासांत मलूल होतं, जिथे थेंब पडला तिथेच जळतं, आणि बारमाही तण परत फुटतं. याउलट ‘शुद्ध वनस्पती अर्क’ मारल्यावर तण पाच-सात दिवस काहीच दाखवत नसेल, मग शेंड्याकडून हळूहळू पिवळं पडत जात असेल, आणि लव्हाळ्याच्या नाहीतर हरळीच्या खालच्या भागापर्यंत मरत असेल, तर त्यात आत प्रवास करणारं काहीतरी आहे असा संशय घ्यायला पूर्ण जागा आहे. डायक्वाट मात्र पटकन जाळतं, त्यामुळे लगेच जळलं म्हणजे माल शुद्ध असंही समजू नका. ज्या बाटलीचा चमत्कार फारच मोठा वाटतो ती प्रयोगशाळेत तपासून घ्या, निदान प्रमाणपत्र असलेल्या शेतात तरी तपासल्याशिवाय नको.

घरी अर्क करता येतो का असं बरेच जण विचारतात. येतो, निलगिरीची, कडुनिंबाची, ओव्याची पानं सावलीत वाळवून, भुकटी करून, वर सांगितल्याप्रमाणे भिजवून आणि दुहेरी कापडाने गाळून, गाळण नीट केलं नाही तर नोझल तुंबतं. पण प्रत्येक वेळी ताकद वेगळी येते, पानांचं वय, हंगाम, कोरड पडली होती का, यावर घटकांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे आधी एका कोपऱ्यात आपल्या पिकाच्या बियांवर टेस्ट घ्या. धोत्रा, कण्हेर असल्या विषारी वनस्पतींच्या वाटेला भाजीपाल्यात जाऊ नका, तण मारायच्या नादात माणसाच्या पोटात जाणारी गोष्ट बिघडवायची नाही.

परत घेणार का? तेलाची बाटली घेणार, जिच्यावर युजेनॉलचं प्रमाण स्पष्ट लिहिलंय तीच, आणि ती पेरणीआधीच्या वाफ्यांना आणि पायवाटेच्या कडांना. पावडर घेणार ती फक्त ज्याच्यावर वनस्पतींची नावं आहेत आणि तयार केल्याची तारीख आहे अशी, कारण वर्षभर दुकानात पडलेल्या भुकटीतली उडून जाणारी तेलं केव्हाच संपलेली असतात. ते २१ वनस्पतींचं गुप्त पाकीट परत घेणार नाही. लव्हाळ्याच्या पट्ट्यात खुरपं आणि जाड आच्छादनच चालू राहील, तिथे यातलं काहीच मारत नाही.